हेन्रीचा वेग पुरे झाला, आता त्याचा डावा पाय बघा

फ्रान्सचा फुटबॉलपटू थिएरी हेन्रीचा विषय निघाला की गाडी वेगावर येऊन थांबते. वेग होताच, पण निव्वळ पळून इंग्लंडच्या आर्सेनल क्लबसाठी 228 गोल होत नाहीत.

1999 च्या जानेवारीत इटलीच्या युव्हेंटस क्लबने त्याला घेतलं आणि कडेला जुंपलं. वर धावायचं, परत मागे येऊन बचावही करायचा. मोसम संपेपर्यंत लीगमध्ये गोल फक्त 3. मोनॅको क्लबात त्याला पहिली संधी देणाऱ्या प्रशिक्षक वेंगरने त्याच ऑगस्टमध्ये त्याला आर्सेनलमध्ये आणून आघाडीला मधोमध उभं केलं. सुरुवातीला तिथेही गोल होईनात.

मग गाडी रुळावर आली, कारण कागदावर मधला असला तरी हेन्री डावीकडे सरकायचा. तिथे त्याच्यावर कुणी जायचं, उजव्या कडेच्या बचावपटूने (राइट बॅक) की मधल्या बचावपटूने (सेंटर बॅक)? हे ठरेपर्यंत तो आत वळलेला असायचा.

त्याच्या त्या ठरलेल्या गोलचा व्हिडिओ सावकाश करून बघा. शेवटचा टच पायाखाली नाही, उजव्या पायाच्या हातभर पुढे. डावा पाय चेंडूच्या बाजूला रोवलेला, कंबर उघडलेली, आणि उजव्या पावलाच्या आतल्या कडेने फटका. चेंडू आधी लांबच्या खांबाच्या बाहेर निघतो आणि गोलकीपरला वळसा घालून आत येतो. नक्कल करणारे फसतात ते बहुतेक त्या शेवटच्या टचलाच. चेंडू पायात अडकला की कंबर उघडत नाही आणि फटका सरळ कीपरच्या अंगावर जातो. अंग मागे झुकलं तर चेंडू बारवरून. जास्त जोर लावला तर वळायला वेळच मिळत नाही, चेंडू बाहेरच जातो.

2003-04 मध्ये आर्सेनल लीगमध्ये एकही सामना हरलं नाही, हेन्रीचे 30 गोल होते. तरी मला त्याच्या आधीचा मोसम मोठा वाटतो. 24 गोल आणि वर 20 असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास! निव्वळ फिनिशरला, फक्त गोल मारणाऱ्याला, हे जमत नाही. (हेडर मात्र बेताचाच, एवढी उंची असून.)

2009 मध्ये फ्रान्सकडून आयर्लंडविरुद्ध खेळताना त्याने हाताने चेंडू अडवला ती बेइमानीच. त्यावर सारवासारव नको.

वय झाल्यावर बार्सिलोनात संपला म्हणणाऱ्यांनी 2 मे 2009 चा, रिअल माद्रिदच्या बर्नाबेउ मैदानावर बार्सिलोनाने 6-2 जिंकलेला सामना लावावा. त्यात त्याचे दोन गोल आहेत. पहिल्या गोलला माद्रिदचा गोलकीपर कासियास पुढे येतो तेव्हा चेंडू सोडा, हेन्रीचा डावा पाय कुठे पडतो तेवढंच बघा.