अंगठ्याने पत्रा दाबून गाडी जोखता येत नाही

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तिघांकडून आला, म्हणजे तुमच्याही फोनवर असणारच. मजकूर थोडक्यात असा: "स्वस्तातली छोटी हॅचबॅक घेऊ नका. नुसता पत्र्याचा डबा, अपघातात चुरा होतो. इंजिनात दम नाही, चौघं बसले की ओव्हरटेक विसरा. मागे माणूस बसत नाही, डिकीत बॅग मावत नाही. मायलेज फक्त कागदावर. पाच वर्षांत खुळखुळा. त्यापेक्षा कर्ज वाढवा आणि मोठी गाडी घ्या, जुनी का असेना."

हा मेसेज वाचून माझ्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने ठरवलेली छोटी गाडी रद्द करून मोठी घेतली. तिचं रोजचं जाणं-येणं तीस किलोमीटर. बहुतेक वेळा एकटीच असते, कधीतरी मागे मुलगी. तिला हवी तशीच गाडी तिने नीट बघून निवडली होती. आता ती दोन वर्षं जास्तीचे हप्ते भरणार आहे आणि गाडी लावताना रोज कुणाला तरी हाक मारतेय. म्हणून या मेसेजला मुद्द्याला मुद्दा असं उत्तर द्यायचं ठरवलं. मी स्वतः नऊ वर्षं छोटी हॅचबॅक चालवतेय, तिचे गुणही माहीत आहेत आणि खोडीही.

सुरुवात "पत्र्याच्या डब्या"पासून, कारण भीती तिथेच बसते. शोरूममध्ये कुणी ना कुणी हे करताना दिसतंच: पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर अंगठा ठेवायचा, दाबायचा, पत्रा आत जाऊन टप् करून बाहेर आला की मान हलवायची. पण तो बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटरचा असतो, आणि महागड्या गाड्यांचाही जवळपास तेवढाच असतो. त्याचं काम वारा कापणं, पाऊस अडवणं आणि दिसायला नीट राहणं. अपघाताचा मार घेतो तो आतला सांगाडा: दोन दारांमधला खांब, दाराखालचा उंबरठा, दाराच्या पोटातली आडवी पट्टी. चांगल्या गाडीत हे भाग तापवून साच्यात दाबलेल्या, साध्या पत्र्याच्या कितीतरी पट ताकदीच्या पोलादाचे असतात. तिथे कुणाचाच अंगठा पोहोचत नाही. दार लावताना येणारा भारदस्त "धप्" आवाजही रबर, कुलूप आणि आतल्या अस्तराची करामत आहे, त्यावरून सांगाड्याबद्दल काहीच कळत नाही.

शिवाय गाडीचं नाक चुरगळतं ते चुरगळावं म्हणूनच तसं बनवलेलं असतं. पुढचा भाग दबत गेला तर धक्क्याचा जोर तिथेच जिरतो आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहतो. मर्सिडीज-बेंझचे अभियंते बेला बारेन्यी यांनी १९५०च्या दशकात ही कल्पना मांडली आणि १९५९पासून ती प्रत्यक्ष गाडीत आली. जुन्या जाड पत्र्याची ज्यांना आठवण येते त्यांनी अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने २००९मध्ये केलेली एक चाचणी जरूर बघावी. १९५९ची लांबलचक शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची शेव्हरोले मालिबू त्यांनी समोरासमोर धडकवली. मालिबूत चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याला पायाची किरकोळ दुखापत. बेल एअरचं स्टीअरिंग आत घुसलं, चालकाची जागा चेपली आणि तिच्यातला माणूस वाचलाच नसता. आकाराने मोठी गाडी बेल एअर होती.

आता मेसेजमधला खरा भाग. त्याच संस्थेने त्याच वर्षी छोट्या आणि मध्यम गाड्यांच्याही धडका घडवून आणल्या: होंडा फिटची अॅकॉर्डशी, टोयोटा यारिसची कॅमरीशी, स्मार्ट नावाच्या इवल्याशा गाडीची मर्सिडीजच्या सी-क्लासशी. तिन्ही वेळा छोटी गाडी खराब ठरली. दोन गाड्या समोरासमोर आदळल्या की हलक्या गाडीला जास्त झटका बसतो, हे भौतिकशास्त्र आहे आणि मी ते नाकारणार नाही. रोज रात्री ट्रकांच्या गर्दीत दुभाजक नसलेल्या हायवेवरून जाणाऱ्याने वजनाचा विचार करायलाच हवा.

पण यावरून "प्रत्येक छोटी गाडी मृत्यूचा सापळा" असं होत नाही. भिंतीवर किंवा झाडावर आदळताना जड गाडी आपलं सगळं वजन स्वतःच सोबत घेऊन जाते, तिथे समोरच्यापेक्षा जड असण्याचा फायदा मिळत नाही. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे ती उलटायलाही सोपी. आणि छोट्या गाड्या सगळ्या एका माळेचे मणी नाहीत. गाड्या धडकवून त्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने १९९७मध्ये पहिले निकाल जाहीर केले तेव्हा रोव्हर १०० या हॅचबॅकला मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला. सातच वर्षांनी, २००४मध्ये, रेनो मोडस या छोट्याशा गाडीने पाच तारे मिळवले. सात वर्षांत एवढा फरक पडला, तोही छोट्याच गाड्यांमध्ये.

याउलटही होतं. फियाटच्या पुंतोला २००५मध्ये पाच तारे होते. तोच साचा पुढे चालू राहिला आणि २०१७मध्ये नव्या निकषांवर तिला शून्य तारा मिळाला. त्यामुळे नुसते तारे मोजू नका. चाचणी कोणत्या वर्षीची आहे आणि तुम्ही घेताय त्याच व्हेरिएंटची आहे का, ते बघा. स्वस्त हॅचबॅकचा खरा धोका आकारात नसून सगळ्यात खालच्या व्हेरिएंटमध्ये आहे. अनेकदा तिथे बाजूच्या एअरबॅग काढलेल्या असतात, ईएससी नसतं. हे ईएससी, म्हणजे घसरू लागलेल्या गाडीच्या एकेका चाकाला आपणहून ब्रेक लावून तिला सरळ ठेवणारी यंत्रणा. युरोपात २०१४पासून प्रत्येक नव्या कारला ते सक्तीचं आहे. हात आखडता घ्यायचाच असेल तर टचस्क्रीनवर घ्या, अलॉय व्हीलवर घ्या, पण यावर नको. "जुनी का असेना, मोठी घ्या" हा सल्ला मला म्हणूनच सगळ्यात घातक वाटतो. हे काहीच नसलेली जुनी गाडी माणूस निव्वळ आकाराला भुलून घरी आणतो.

दुसरा आरोप, दम नाही. इथे आपण थोडं गणित करू. ८५ अश्वशक्तीची हॅचबॅक ९०० किलोची धरा. ११५ अश्वशक्तीची उंच गाडी १,२५० किलोची धरा. दर टनामागे पहिलीला ९४ अश्वशक्ती, दुसरीला ९२. दोघी सारख्याच. आता दोन्हींत चौघं बसवा, ३०० किलो. पहिली येते ७१वर, दुसरी ७४वर. म्हणजे भरलेल्या हॅचबॅकचा दम जास्त कमी होतो हे खरं, पण फरक इतकाच. मग ओव्हरटेक का होत नाही? बहुतेक वेळा गिअरमुळे. पाचव्या गिअरमध्ये साठच्या वेगाने जाताना छोटं इंजिन मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांवर असतं आणि टर्बो नसलेल्या इंजिनाचा जोर येतो चार हजारांच्या आसपास. माणूस तिथेच अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो आणि गाडी हलली नाही की तिला शिव्या घालतो. तिसरा टाका. इंजिन ओरडेल, ओरडू द्या, ते त्यासाठीच बनवलंय. मी पहिलं वर्षभर याच चुकीपायी गाडीला बोल लावत होते. घाटात एसी चालू, मागे दोघं आणि सामान अशी वेळ असली की मात्र छोटी गाडी खरंच धापा टाकते. तेव्हा घाई सोडायची, दुसरा इलाज नाही.

जागेबद्दल मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा मागच्या सीटवर बसून पाहिलेलंच नाही. छोट्या गाडीचा अर्धा इतिहास जागा वाचवण्याचाच आहे. अॅलेक इसिगोनिस यांनी १९५९च्या मिनीत इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली सरकवला, आणि अवघ्या ३.०५ मीटरच्या गाडीत तळाची जवळपास ऐंशी टक्के जागा माणसं आणि सामान यांना दिली. दान्ते जाकोसा यांनी १९६४च्या ऑटोबियांकी प्रिमुलात गिअरबॉक्स आडव्या इंजिनाच्या शेजारी नेला. आज बहुतेक हॅचबॅकच्या बोनेटखाली तीच मांडणी दिसते. होंडाने २००१च्या फिटमध्ये पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आणली आणि मागे कुंडी उभी राहील एवढी मोकळी उंची मिळवली. बॉनेट लांब म्हणजे आत जागा जास्त, असं समीकरणच नाही. एक चाचणी मात्र कराच: पुढची सीट स्वतःला हवी तशी लावा, मग तिच्या मागे जाऊन बसा. गुडघे आणि पाठ यांच्यामध्ये मूठ आडवी मावली तर पुरे. मागे तीन मोठी माणसं तासभर बसतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, ती नाही बसत. पण डिकीतलं पार्सल ट्रे काढून मागची सीट पाडली की मुलीची सायकल, पुढचं चाक काढून, आडवी जाते. हँडल खिडकीला टेकू नये म्हणून मध्ये जुनी चादर. सेडानच्या डिकीत ते कुणी करून दाखवावं.

मायलेजचा मुद्दा बराचसा बरोबर आहे, पण तो छोट्या गाडीविरुद्ध जात नाही. कागदावरचा आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा असतो, तोही एसी बंद ठेवून. युरोपातली जुनी एनईडीसी चाचणी तर वीस मिनिटांची, ११ किलोमीटरची आणि सरासरी जेमतेम ३४च्या वेगाची होती. २०१७पासून तिची जागा डब्ल्यूएलटीपी या नव्या चाचणीने घेतली, ती जास्त लांब आणि जास्त वेगाची आहे, त्यामुळे आकडे थोडे जमिनीवर आले. पण ही तफावत मोठ्या गाड्यांनाही तशीच लागू आहे. खरा आकडा हवा असेल तर टाकी काठोकाठ भरा, ट्रिप मीटर शून्य करा, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत चालवा. ५४० किलोमीटरला ३२ लिटर लागलं म्हणजे लिटरमागे १७च्या जरा खाली. आणि ११०ऐवजी ९०ने चालवून बघा. ११०ला हवेचा विरोध ९०च्या जवळपास दीडपट असतो.

राहिला खुळखुळा. तीन सिलिंडरचं इंजिन सिग्नलला उभं असताना थरथरतं, तो त्याच्या रचनेचा भाग आहे, बिघाड नाही. आत कडक प्लास्टिक असतं, त्यामुळे कुरकुर लवकर ऐकू येते, हेही खरं. पण प्रत्येक आवाज म्हणजे गाडी संपली असं नसतं. सहाव्या वर्षी माझ्या गाडीत मागून खडखड सुरू झाली. एका सर्व्हिस सेंटरने दोन्ही मागचे शॉक अब्सॉर्बर बदलायला सांगितले. मी घरी येऊन डिकीचं पायपुसणं उचललं, स्टेपनी बाहेर काढली, तर खाली जॅक आपल्या खाचेत सैल पडलेला. स्क्रू चार फेरे आवळला. आवाज गेला तो गेलाच. शॉक अब्सॉर्बर अजून तेच आहेत.

ज्यांच्या घरी रोज पाच माणसं निघतात, ज्यांचा रस्ता अर्धा उखडलेला असतो, त्यांनी मोठी, उंच गाडीच घ्यावी. त्यांच्यासाठी हा मेसेज चुकीचा नाही. बाकीच्यांनी शोरूमवाल्याच्या ठरलेल्या गुळगुळीत फेरीवर समाधान मानू नये. गाडी आपल्या रोजच्या रस्त्यावर न्यायची परवानगी मागा. रोज बसतात तेवढी माणसं बसवा, एसी लावा. नेहमीच्या चढावर मुद्दाम थांबवा आणि तिथून उचला. गतिरोधकावरून नेताना पोट घासतं का ऐका. मग नेहमी लावता त्याच जागेत, कुणालाही हाक न मारता, मागे घेऊन लावून बघा.