ओझोन आभाळात हवा, मामीच्या खोलीत नको

गेले दोन महिने आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. तिचं म्हणणं असं: ओझोन तयार झाला म्हणून सजीव समुद्रातून जमिनीवर आले, म्हणजे ओझोन हा जीवनदायी, ‘सक्रिय प्राणवायू’, पिंपळ आणि तुळस तो रात्रभर सोडतात, आणि घरात ओझोनचं यंत्र लावलं की दमा जातो. मी वाचून सोडून दिली होती. ते चुकलंच माझं.

मागच्या रविवारी रामबागेत मामीकडे गेले. इंदूरची थंडी, खिडक्या घट्ट लावलेल्या, आणि खोलीत झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा उग्र वास. कोपऱ्यात ते यंत्र घुमत होतं. मामीला वीस वर्षांचा दमा आहे. “अगं, वास आला म्हणजे काम करतंय, असं लिहिलंय त्यात,” ती म्हणाली आणि तिला उबळ आली. औषधांच्या डब्याला ताणून बसवलेला रबरबँड मी काढायला गेले, तर बोट लागताच तुटला. त्याच्यावर बारीक तडे होते. ताणलेलं रबर ओझोनने तडकतं. टायर बनवणारे त्यासाठीच रबरात वेगळी रसायनं मिसळतात. जो वायू रबराचं हे करतो तो फुप्फुसाच्या नाजूक अस्तराचं काय करेल? सूज येते, श्वासनळ्या आवळतात, दम्याचा झटका येऊ शकतो.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत ओझोनला सरळ विषारी वायू म्हटलंय, उपचारात किंवा आजार टाळण्यासाठी त्याचा कुठलाही उपयोग ज्ञात नाही, असंही तिथेच नोंदवलंय. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मानकांत ओझोन प्रदूषकांच्या यादीत आहे: आठ तासांसाठी मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. साध्या प्राणवायूच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन, पण म्हणून तो जास्त ताकदीचा प्राणवायू होत नाही. तिसरा अणू सैल असतो, समोर येईल त्याला चिकटतो, आणि दुखापत होते ती त्यानेच.

आता पहिला मुद्दा. त्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. ओझोन सूर्याची घातक अतिनील किरणं अडवतो आणि त्या कवचाशिवाय उघड्या जमिनीवर जगणं फार अवघड झालं असतं. १९६० च्या दशकात बर्कनर आणि मार्शल या शास्त्रज्ञांनी मांडलंही होतं की सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी हे कवच पुरेसं झालं आणि जीव जमिनीवर आले. पण पुढे हिशेब बदलला. आजच्या शंभराव्या हिश्श्याएवढा प्राणवायू असला तरी बऱ्यापैकी कवच तयार होतं. आणि हवेत प्राणवायू साठायला लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, नीलहरित जिवाणूंमुळे. जुन्या खडकांतल्या गंधकाच्या समस्थानिकांवर (म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवर) तोपर्यंत अतिनील प्रकाशात घडणाऱ्या रसायनाचा एक खास ठसा सापडतो, नंतर तो नाहीसा होतो, म्हणजे तेव्हा हवेत प्राणवायू आला. फार्कर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे दाखवलं. जमिनीवरच्या वनस्पतींच्या सर्वांत जुन्या खुणा मात्र साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या. मधे पावणेदोनशे कोटींहून जास्त वर्षं गेली! नुसत्या ओझोनने दार उघडलं असतं, तर एवढा वेळ का लागला असता?

शिवाय ते कवच मुख्यतः १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर आहे. तिथे अतिनील प्रकाश प्राणवायूचा रेणू फोडतो, सुटा अणू दुसऱ्या रेणूला चिकटतो, ओझोन होतो. तो सगळा खाली आणून जमिनीवरच्या दाबात पसरला तर थर जेमतेम तीन मिलिमीटरचा भरेल. त्याचं काम किरणं अडवण्याचं. जमिनीवर आलेल्या कुठल्याही जिवाने तो औषध म्हणून श्वासात घेतला नाही.

पिंपळ-तुळशीबद्दल एवढंच: झाडं ओझोन सोडत नाहीत, रात्री तर नाहीच. तुळशीला पाणी घाला, पिंपळाखाली बसा. त्यासाठी ओझोनचं कारण लागत नाही.

यंत्राची पिन मी त्याच दिवशी काढली, खिडक्या उघडल्या. मामीचा पंप उशाशी ठेवलाय आणि तो तिच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच चालू राहणार आहे. ग्रुपवरच्या आणखी दोन घरांनी तेच यंत्र मागवलंय, एका घरात सहा महिन्यांचं बाळ आहे. त्यांनी हे वाचून ते आजच बंद करावं.