'मुलींना कोडिंग जमतच नाही' हा फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी हे वाचा

सध्या पुण्यातल्या निम्म्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय, की मुलींचा मेंदू कोडिंगसाठी नाहीच, त्यांना कोणी अडवत नाही तरी त्या कमीच आहेत, आणि आयआयटीत त्यांना जागा देऊन मुलांवर अन्याय होतोय. मला हे नुसतं वाचून सोडून देता येत नाही.

आधी मेंदूचं घ्या. १९४५-४६ मध्ये एनिॲक या अगदी सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग केलं ते सहा बायकांनी. अमेरिकेत १९८४ च्या आसपास कॉम्प्युटर सायन्सची डिग्री घेणाऱ्यांत साधारण ३७ टक्के मुली होत्या, २०१० पर्यंत त्या १८ टक्क्यांवर आल्या. पंचवीस वर्षांत मेंदू बदलतो का? बदललं ते असं की घरोघरी कॉम्प्युटर आले आणि ते मुलांचं खेळणं म्हणून विकले गेले. आणि लांब कशाला, कर्वेनगरचं कमिन्स १९९१ पासून फक्त मुलींचं इंजिनीअरिंग कॉलेज आहे, तिथे कॉम्प्युटर ब्रँच मिळवायला सीईटीला किती पर्सेंटाइल लागतात ते शेजारच्या बारावीवाल्या मुलीला विचारा.

आयआयटीचं तर सरळ आहे. २०१८ पासून मुलींना ज्या जागा दिल्या त्या वाढीव आहेत, मुलांची एकही सीट कापलेली नाही, आणि मुलींनाही जेईई ॲडव्हान्स्ड क्वालिफाय व्हावंच लागतं.

आता 'कोणी अडवत नाही'. थर्ड इयरचा ग्रुप प्रोजेक्ट आठवा, चार जणांत एक मुलगी, पहिल्याच मीटिंगला कोणीतरी म्हणतं तुझं अक्षर आणि इंग्लिश चांगलंय, रिपोर्ट आणि पीपीटी तू घे, आणि मग कोड मुलांच्या लॅपटॉपवर होतो, सबमिशनच्या आदल्या रात्री बग सापडतो तेव्हा मुलं एकाच्या रूमवर बसलेली असतात आणि हिच्या होस्टेलचं गेट कधीच बंद झालेलं असतं, व्हायव्हात कोडवर प्रश्न आला की ही गप्प, आणि सर मनात नोंद करतात की मुलींना कोडिंग येत नाही. भांडण नाही, काही नाही, पण वर्षभराची प्रॅक्टिस गेली ती गेलीच!

तरीही ती हिंजवडीत लागते, चांगलं काम करते, मग मूल होतं. २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय करावी लागते, हे चांगलंच आहे. पण अमेरिकेच्या क्लायंटचा कॉल रात्री साडेनऊला असतो, तेव्हा पाळणाघर बंद असतं, आणि घरात 'आज तू बघ बाळाला' हे नवऱ्याला सांगायची सोय किती घरांत आहे?