दोन भाषांनी मूल गोंधळत नाही

“घरात दोन भाषा बोलल्या की मुलाचा गोंधळ उडतो, ते उशिरा बोलतं, बुद्धीने मागे पडतं. इंग्रजी शाळेत घालायचं असेल तर घरीही इंग्रजीच बोला.” हा मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हापुन्हा येतो आणि माझ्या दादाने तो मनावर घेतलाय. त्याचा मुलगा अडीच वर्षांचा आहे. आमची आई नातवाला भरवताना “ईट, बाळा, ईट” म्हणते आणि पुढचं इंग्रजी सुचत नाही म्हणून गप्प होते. आम्हाला भरवताना हीच आई चिऊचा घास, काऊचा घास करत ताट रिकामं होईपर्यंत बोलत असायची. मला हे बघवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

गोंधळ उडतो म्हणे. भाचा परवा म्हणाला, “मी डॉगीला दोन बिस्किटं दिली.” वहिनीने कपाळाला हात लावला: बघा, सरमिसळ! पण वाक्य नीट ऐका. ‘डॉगी’ला ‘ला’ बरोबर लागलाय. ‘बिस्किट’चं अनेकवचन ‘बिस्किटं’ झालंय, नपुंसकलिंगी, आणि क्रियापद ‘मी’कडे न बघता बिस्किटांच्या मागे गेलंय: ‘दिली’. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. शब्द इंग्रजीतून आले तरी व्याकरण सगळं मराठी आहे. गोंधळलेल्या मुलाला हे जमलं नसतं. आणि आपण मोठी माणसं तरी ‘फोन चार्जिंगला लाव’ असंच बोलतो ना?

भाषा वेगळ्या ओळखण्याची क्षमता तर जन्मापासून असते. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये गरोदरपणी इंग्रजी आणि टागालोग (फिलिपिन्समधली भाषा) दोन्ही बोलणाऱ्या आयांची नवजात बाळं संशोधकांनी तपासली. बाळांना या दोन भाषांतला फरक कळत होता. ते संशोधन 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे सोलापूरला जा. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड ऐकत कितीतरी पिढ्या वाढल्या.

उशिरा बोलतं, हा मुद्दा मात्र जपून घ्यायला हवा. पहिला शब्द वर्षाच्या आसपास, दोन शब्द जोडणं दोन वर्षांच्या आसपास, हे टप्पे दोन भाषांतली मुलंही साधारण त्याच वयात गाठतात. फक्त शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मोजायचे. ‘पाणी’ आणि ‘बॉल’ म्हणणाऱ्या मुलाचा एकच शब्द धरला तर ते मागे दिसणारच. खरंच उशीर होत असेल तर आधी कान तपासून घ्या, स्पीच थेरपिस्टकडे जा. घरातली भाषा बंद करून उशीर भरून निघत नाही, उलट तपासणी लांबते. मला सगळ्यात भीती याच गोष्टीची वाटते.

बुद्धी मागे पडते, या समजाला जुना इतिहास आहे. 1923 मध्ये ब्रिटनमधल्या वेल्समध्ये संशोधक डी. जे. सेअर यांनी शाळकरी मुलांच्या चाचण्या घेतल्या आणि दोन भाषांची मुलं कमी पडतात असं म्हटलं. पण तो फरक खेड्यातल्या मुलांत होता, शहरातल्या मुलांत दिसलाच नव्हता. म्हणजे दोष भाषेवर टाकण्याआधी परिस्थिती बघायला हवी होती. पुढे 1962 मध्ये माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी सारख्या आर्थिक स्तरातली दहा वर्षांची मुलं घेतली. तिथे फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही येणारी मुलं सरस ठरली. यावरून ‘दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो’ असे उलटे मेसेजही फिरतात. तेही मी पुढे पाठवत नाही. तो फायदा नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत सापडला नाही. नुकसान होत नाही, एवढं मात्र ठामपणे सांगता येतं.

राहिलं ‘घरी इंग्रजीच बोला’. इंग्रजी शिकवायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण मूल भाषा शिकतं ते भरपूर, मनमोकळ्या बोलण्यातून. गोष्ट सांगणं, ‘का’चं उत्तर देणं, रागावणं, समजूत काढणं, हे ज्या भाषेत आपल्याला सहज येतं तीच भाषा त्याला जास्त देते. आणि एका भाषेत कमावलेली समज दुसरीत कामी येते, हे द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स 1979 पासून मांडत आलेत.

घरातून मराठी काढून घेतली तर काय जातं, तेही बघा. ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक सहा-आठ महिन्यांच्या इंग्रजी घरातल्या बाळांनाही कळतो. वर्षाच्या आसपास, तो ऐकायलाच मिळत नसल्यामुळे, त्यांची ही जाण खूप कमी होते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी हे 1984 मध्ये हिंदीतले आवाज ऐकवून दाखवलं. भाच्याच्या कानावर सुरुवातीला मराठी पडली, म्हणून तो आज ‘ताट’ स्पष्ट म्हणतो.

दादा म्हणतो, नर्सरीचा प्रवेश होईपर्यंत थांबू. त्याला सहा महिने आहेत. तोवर मुलगा तीन वर्षांचा होईल, आणि आई त्याच्याशी “ईट, बाळा” एवढंच बोलत राहील.