नॅनीला १०९९ दिला म्हणून जबाबदारी संपत नाही

"नॅनीला फॉर्म १०९९ (स्वतंत्र कंत्राटदाराला दिलेल्या पैशांची नोंद) द्यायचा, तिचा टॅक्स ती बघेल," असा सल्ला अमेरिकेतल्या मराठी पालकांमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे. बाळाला कधी भरवायचं, कधी झोपवायचं, हे तुम्ही ठरवता ना? मग आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, लेखी ती तुमची कर्मचारी. अगदी अर्धवेळ असली तरी. २०२५ मध्ये तिला २,८०० डॉलर किंवा त्याहून जास्त पगार रोख वा चेकने दिला असेल, तर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) या करांपोटी ७.६५ टक्के तिच्या पगारातून आणि तेवढेच तुमच्या खिशातून जातात. तिला डब्ल्यू-२ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) द्या, स्वतःच्या टॅक्स रिटर्नला शेड्यूल एच (घरगुती कर्मचाऱ्यांच्या कराचा फॉर्म) जोडा. तिचं म्हातारपणचं पेन्शन याच नोंदीवर ठरतं, म्हणून हे टाळू नका. नातवंडं सांभाळणाऱ्या आजीला पैसे दिलेत, तर मात्र सहसा हा कर लागत नाही.