हेड एक मिलिमीटर घासण्याआधी : निपाणीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार दादा,

इंजिन तयार करताना कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) आणि पिस्टनचा गॅप (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) मोजून ठरवा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली : "गणितं कशाला मांडत बसतासा? आम्ही बुलेटची हेडं सरळ एक मिलिमीटर घासतो, काही होत नाही. पिस्टनला सरसकट चार थाऊ गॅप ठेवायचा. व्हॉल्व्ह पिस्टनला लागायला लागले तर जाड गॅस्केट टाकायचं. पोरांना उगाच घाबरवू नका." (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्या दोघांमधली पातळ चकती, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) सविस्तर उत्तर देतोय, कारण हीच तीन वाक्यं ऐकून आपल्याकडची पोरं इंजिन उघडतात.

बुलेटला काही होत नाही, हे खरं आहे. का होत नाही ते बघा. जुन्या बुलेट ३५०चा बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. रेशो ७ धरला तर पिस्टन अगदी वर असताना उरलेली जागा ५७.७ सीसी भरते. चेंबरचं, म्हणजे हेडमधल्या मिश्रण जळायच्या पोकळीचं, तोंड बोअरएवढं धरून एक मिलिमीटर घासलं तर ३.८५ सीसी कमी होतात आणि रेशो ७.४ वर जातो. इंजिनाला त्याचा पत्ताही लागत नाही. आता तेच एक मिलिमीटर १०० सीसीच्या गाडीला लावा. बोअर ५०, स्ट्रोक ४९.५, म्हणजे ९७.२ सीसी. रेशो ९ असेल तर वरची जागा फक्त १२.१५ सीसी. त्यातले १.९६ सीसी गेले की रेशो थेट १०.५. बुलेटवरचा अनुभव इथे चालत नाही तो याच कारणाने, आणि तुमच्याकडे येणारी बहुतेक पोरं १०० ते १५० सीसीवालीच असतात.

शिवाय मी धरलेले ७ आणि ९ हे आकडेसुद्धा तुमच्या हातातल्या इंजिनाचे नाहीत. आधी कुणी हेड फेस केलंय (घासलंय) का, गॅस्केट दाबल्यावर किती जाड राहतं, पिस्टन डेकच्या (सिलिंडरच्या वरच्या काठाच्या) किती खाली थांबतो, पिस्टनचं डोकं फुगीर आहे की व्हॉल्व्हसाठी खाचा आहेत, यातल्या प्रत्येक गोष्टीने सीसी बदलतात. म्हणून ब्युरेट (मापाच्या खुणा असलेली काचेची नळी) घ्या, चेंबरवर ग्रीस लावून भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी ठेवा, रॉकेल सोडा आणि वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे.

बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा आठ-नऊ टक्के कमी असतो. त्यामुळे रेशो जरा जास्त झालेली गाडी इथल्या टिळकवाडीत गुपचूप चालते. चोर्ला घाट उतरून मे महिन्यात गोव्यात गेली आणि तिथल्या चढावर डबलसीट ओढायला लागली, की साध्या पेट्रोलवर कटकट, म्हणजे नॉकिंग, सुरू होते : मिश्रण आपोआप पेटून आवाज येतो. ती कटकट तशीच ऐकत चालवली तर पिस्टनचं डोकं जळतं, रिंगची जागा तुटते.

आता चार थाऊ, म्हणजे ०.१० मिमी. पिस्टन अॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. ७० मिमीच्या मापावर दोन्ही सारखेच १०० अंशांनी तापले, तरी पिस्टन ०.०८ मिमीने जास्त फुगतो. प्रत्यक्षात तो सिलिंडरपेक्षा जास्तच तापतो. फोर्ज्ड (दाबून घडवलेला) पिस्टन, त्यातही कमी सिलिकॉनचा असेल, तर साध्या कास्ट (ओतीव) पिस्टनपेक्षा अधिक फुगतो, म्हणून त्याला गॅपही अधिक लागतो. उलट ५० मिमीच्या कास्ट पिस्टनला चार थाऊ दिले तर तो थंडीत खडखडणार आणि तेल पिणार. एकच आकडा दोघांना कसा पुरेल? पिस्टन बनवणाऱ्याने दिलेला गॅपच धरायचा आणि पिस्टनही त्याने सांगितलेल्या उंचीवरच मोजायचा : खाली स्कर्टवर, पिनेला काटकोनात. डोक्याजवळ मोजलात तर माप कमी येणार, कारण तिथे तो मुद्दामच बारीक केलेला असतो.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या, सिलिंडर बोअर करून देणाऱ्या बोरिंगवाल्यांचा हात चांगला आहे असं तुम्ही लिहिलंत, ते मला शंभर टक्के मान्य आहे. पण ते चिठ्ठीवर लिहिलेलं माप काढून देतात. आकडा ठरवायची जबाबदारी इंजिन बांधणाऱ्याची. आधी पिस्टन विकत घ्या, तो मोजा, मगच सिलिंडर बोअरला द्या. बॉक्सवर 'ओव्हरसाइज ०.५०' (मूळ मापापेक्षा ०.५० मिमी मोठा) लिहिलंय म्हणून पिस्टन न बघता बोअर मारून घेणं मला अजिबात पटत नाही.

जाड गॅस्केटचं म्हणाल तर घासून मिळवलेलं कॉम्प्रेशन त्याने परत जातं. वर पिस्टन आणि हेडच्या कडेमधली फट वाढते. ती साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असली तर मिश्रण घुसळलं जातं. जास्त झाली की कडेचं मिश्रण तसंच पडून राहतं आणि नॉकिंगला उलट मदतच होते.

व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात का, हे अंदाजाने ठरवू नका. पिस्टनवरच्या खाचांत पोरांची खेळायची प्लास्टिसिन थापा, वर तेलाचा हात फिरवा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) नेहमीच्या मापाला लावून हेड पूर्ण टॉर्कला आवळा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, मग हेड काढून ब्लेडने कापून जाडी मोजा. इनटेकला निदान २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी उरायला हवेत. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वर हेडमध्ये असलेल्या, चेनच्या इंजिनात हेड घासल्यावर कॅमचं टायमिंगही थोडं मागे पडतं, त्यामुळे जुन्या मापावर विसंबून चालत नाही.

सध्या तुमच्या टेबलावर १०० सीसीचं जे हेड असेल, त्याचं ब्युरेटचं वाचन, दाबलेल्या गॅस्केटची जाडी आणि डेकचं माप इथे खाली लिहा. किती घासता येईल ते इथेच मांडून दाखवतो.