केंब्रिजनं गोळी सोडा म्हटलं नाही, बावा!

“केंब्रिज विद्यापीठाने सिद्ध केले! रोज १० मिनिटे माइंडफुलनेस, २१ दिवसांत टेन्शन मुळासकट गायब. मन विचारशून्य, स्मरणशक्ती दुप्पट, गोळ्यांची गरज नाही. मुलांना पाठवा.”

माइंडफुलनेस म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायचा सराव. आमच्या ताईनं हा मेसेज पाठवला की लेकीला! भाची इथं नागपुरात होस्टेलवर, हिवाळी परीक्षा तोंडावर, डॉक्टरांनी चिंता-नैराश्यावर दिलेली एसिटालोप्राम ही गोळी चालू. पोरीनं कुणाला न विचारता गोळी बंद केली. चार-पाच दिवसांनी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहा खाताना चमचा खाली ठेवून म्हणते, “मावशी, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं होतं गं.”

म्हणून आधी गोळीचंच. ही गोळी एकदम तोडली की चक्कर येते, झोप उडते, असे झटके बसतात. जुना त्रासही उलटू शकतो. डॉक्टर ती टप्प्याटप्प्यानं कमी करतात, उगाच नाही.

आता केंब्रिज. अभ्यास खरा आहे, २०१८ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. ६१६ विद्यार्थी. निम्म्यांना विद्यापीठाची नेहमीची मदत, उरलेल्यांना तीच मदत आणि वर आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा वर्ग. आठ आठवडे, २१ दिवस नाही. परीक्षेच्या काळात काळजी करण्याइतका ताण पहिल्या गटात ५७ टक्के मुलांना, वर्गातल्या ३७ टक्के मुलांना. फरक चांगलाच आहे. पण ३७ टक्के म्हणजे ‘मुळासकट गायब’? आणि ज्यांना त्या वेळी तीव्र चिंता किंवा नैराश्य होतं, त्यांना यात घेतलंच नव्हतं. गोळी सोडल्यावर काय होतं, हा प्रश्नच तिथं कुणी विचारला नाही.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करते. २०२२ मध्ये अमेरिकेत चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवर माइंडफुलनेस आणि हीच एसिटालोप्राम यांची तुलना झाली. गुण जवळपास सारखाच आला. पण तिथं रोज पाऊण तास सराव आणि दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग होता. चालू गोळी फेकण्याची ती चाचणी नव्हती.

विचारशून्य मन? माइंडफुलनेसमध्ये मन भटकलं हे ओळखून परत श्वासावर आणायचं असतं, रिकामं करायचं नसतं. स्मरणशक्ती दुप्पट वगैरेवर मी शाई खर्च करत नाही.

भाचीला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. गोळी पुन्हा सुरू झाली. सकाळी दहा मिनिटं श्वासावर बसते, तेही चालू आहे. घरच्या ग्रुपवर मी सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर टाकला. दोन अंगठे आले, त्यातला एक भाचीचा. ताईनं अजून पाहिलेलं नाही.